पाठ न दाखवता घरी

राजा आल्बेरिकला घरी जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. भानगड त्याने स्वतःच करून ठेवली होती. धर्मयुद्धाला निघताना भर चौकात, धर्मगुरूंसमोर तो गरजला होता, "पवित्र नगरी जिंकेपर्यंत तिला माझी पाठ दिसणार नाही!" सरदारांनीही मागोमाग तीच शपथ घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता भोगा.

दोन वर्षं झाली. नगरी राहिली पूर्वेला, डोंगरापलीकडे, महाराज समुद्रकाठच्या एका किल्ल्यालाच वेढा घालून बसलेले. जेवायचं पूर्वेकडे तोंड करून, झोपायचं पूर्वेकडे तोंड करून, शौचालाही जायचं ते उलट्या पावली. बरोबर आलेला दुसरा राजा, ओथमार, हे रोज बघायचा आणि पोट धरून हसायचा.

शेवटी आल्बेरिक वैतागला. "उद्या संध्याकाळपर्यंत मला घरी जायची युक्ती सांगा. पाठ दिसता कामा नये आणि ओथमार हसता कामा नये. नाहीतर परवा किल्ल्याला शिड्या लावू. पहिल्या शिडीवर नावाड्यांना चढवा. नुसते बसून खातात."

हे छावणीची धोबीण पेरेत हिने ऐकलं. तिचा नवरा थिबो राजाच्याच गलबतावर वल्हं मारायचा. आधीच्या तीन हल्ल्यांत पहिल्या शिडीवरचा एकही माणूस परत आला नव्हता. बाई फार घाबरली. धुणं हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सरदार जमले. एक म्हणाला, "घोड्यावर उलटं बसावं."

"चोराची गाढवावरून धिंड काढतात तसं?"

"मग गलबतावर खुर्ची उलटी मांडू."

"तीही धिंडच. पाण्यावरची."

धर्मगुरू म्हणाले, प्रार्थना करू. दोन वर्षं ते हेच म्हणत होते.

तेवढ्यात पेरेत धुतलेले सदरे घेऊन आली. "महाराज, मी सांगू?"

"सदरे ठेव आणि जा."

"ठेवते, पण जात नाही. इकडे येताना माझा नवरा वाटभर रडत होता."

"का गं?"

"वल्हं मारणाऱ्याचं तोंड मागे असतं, महाराज. तुम्ही पुढे बघत होता. तो बिचारा आपलं गाव लहान लहान होताना बघत होता. आता त्याच्या फळीवर तुम्ही बसा. गलबत जाईल घराकडे, तोंड राहील नगरीकडे. उलटं बसायची रीत आहे ती तिथेच."

धर्मगुरूंनी शपथ मनात तीनदा घोळवली. खोट सापडेना.

"पण ओथमार हसेल!"

"हसतील कसे? राजाने शिपायांना घरी न्यायला स्वतः वल्हं धरलं, असं आपले भाट गावोगाव गातील. मग ओथमार महाराजांच्याच भाटांना गायला काही उरणार नाही."

"आणि माझे सरदार? शपथ त्यांनीही घेतलीय."

पेरेतने एकेकाच्या गुबगुबीत हातांकडे पाहिलं. "फळ्या पुष्कळ आहेत, महाराज."

राजा खदखदून हसला. हसता हसता पाठ फिरणारच होती, पण धर्मगुरूंनी खांदे धरून त्याला पुन्हा पूर्वेकडे केलं. "शिड्या जाळा! बाई, काय हवं ते माग."

"थिबोला तुमची खुर्ची द्या. गलबताच्या टोकाला, पुढे तोंड करून. आपलं गाव मोठं मोठं होताना बघू दे त्याला."

तिसऱ्या दिवशी गलबत निघालं. फळ्यांवर सरदार घामाघूम, मधोमध महाराज. टोकाला खुर्चीत थिबो, शेजारी पेरेत. मधूनच तो मान वळवून म्हणायचा, "महाराज, डावीकडचं वल्हं ढिलं पडतंय बरं का!"