धाकू नाव घेऊन आला

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात धाकू नावाचा एक भोळा होडीवाला होता. भोळी माणसं काय, गावोगाव असतात. पण त्यांना दहा वेळा सांगितलं तरी कळत नाही. धाकूला एकदा सांगितलं की कळायचं, आणि जसं सांगितलं तसंच तो करायचा. तीच तर पंचाईत होती.

बाकी माणूस लाखमोलाचा हो! कुणी काही सांगितलं नाही, तर त्याच्यासारखी होडी त्या किनाऱ्यावर कुणाला हाकता येत नव्हती. कुणी काही सांगितलं की झालंच कल्याण. आणि त्याची बायको शेवंता, तिला सांगितल्याशिवाय राहवायचं नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मागाहून कटकट नको. त्या गावात होडीला 'नाव' म्हणायचे. माणसाच्या नावालाही नावच म्हणायचे. त्यावरून गावात कुणाचा कधी घोटाळा झाला नव्हता. पण सगळं गाव म्हणजे काही धाकू नव्हे.

तर चैत्रात एकदा मासळीवाली सखू निरोप घेऊन आली. "शेवंते, तुझ्या भावाच्या पोराचं उद्या बारसं. नाव तू ठेवायचंस. दिवेलागणीच्या आत पोच गं बाई, नाहीतर पुतळा ठेवणार."

शेवंताच्या भावाला, हरबाला, किती तरी वर्षांनी नवसानं पोर झालेलं. शेवंता त्याची एकुलती एक बहीण, म्हणजे पोराची सख्खी आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे तुम्हांला मी कशाला सांगू? पुतळा ही चुलत. पण तिनं पोराला दृष्ट लागू नये म्हणून नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, धोंडू.

"धोंडू!" शेवंतानं कपाळाला हात लावला. "माझ्या भाच्याला मी धोंडू म्हणून हाक मारू? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. नाव मी ठेवणार, आणि पोराला मांडीवर घेऊन पोटभर बघणार."

तिच्या मनात दुसरं नाव होतं. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्याला सांगितलं असतं तर त्यानं त्या नावाचं काय केलं असतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच दोघं होडीतून हरबाच्या गावाला निघाली. शेवंता नवं लुगडं नेसली होती. शीड वाऱ्यानं भरलं, होडी मजेत चालली. कोवळं ऊन, कोमट पाणी. शेवंतानं पाय पाण्यात सोडले. तिला फार बरं वाटलं. आणि बरं वाटलं की शेवंता बोलायची.

"अहो, त्या खडकाच्या आडोशाला जरा थांबून न्याहारी करू. नांगर टाका."

धाकूनं नांगर उचलला आणि टाकला. चांगला जोर लावून टाकला. डुबुक! नांगर गेला तळाला आणि दोर राहिला होडीत.

"अहो, दोर कुठे बांधलात?"

"दोर बांधा असं कुठे म्हणालीस? टाका म्हणालीस."

"अरे देवा! टाकायचं ते आधी बांधायचं असतं! एवढं डोक्यात ठेवा."

"ठेवलं," धाकू म्हणाला.

आता थांबायची सोय राहिली नाही. होडी चालता चालताच दोघांनी भाकरी आणि भाजलेले बांगडे खाल्ले. शेवंतानं काटे आणि डोकी केळीच्या पानात गुंडाळली आणि पुडी त्याच्या हातात दिली. "हे टाका पाण्यात."

टाकायचं ते आधी बांधायचं. धाकूनं नांगराचा तो मोकळा दोर घेतला, पुडीला पक्की गाठ मारली आणि मग टाकली. पुडी निघाली होडीच्या मागोमाग. तिच्या मागोमाग एक घार आली. घारीमागून कावळे आले. मग समुद्रपक्ष्यांचा सगळा गोतावळाच आला आणि डोक्यावर गोल गोल फिरायला लागला. पक्षी वर असले म्हणजे खाली काय पडतं ते ठाऊक आहे ना? तेच पडलं. नव्या लुगड्यावर.

"अगं बाई! सोडा तो दोर!"

"बांधायचं म्हणालीस ना?"

"दोराला अशी ओढ लागली की सोडून द्यायचं! धरून बसायचं नसतं!"

"बरं," म्हणून धाकूनं दोर सोडून दिला. पक्षी गेले. शेवंतानं पदर धुतला आणि ठरवलं की आता एक शब्द बोलायचा नाही.

आणि पोरांनो, ती खरंच बोलली नाही. पहिलं भूशीर मागे पडेपर्यंत नाही. धाकू गुणगुणत होडी हाकत होता, सगळं कसं झकास चाललं होतं. मग वारा वाढला. शिडाचा दोर धाकूच्या हातात होता, त्याला लागली ओढ. ओढ लागली की सोडून द्यायचं. धाकूनं सोडून दिला.

शीड फडफडलं, होडी गर्रकन फिरली. नारळाची टोपली कलंडली आणि नारळ होडीभर गडगडले. शेवंता त्या नारळांवर आपटली.

"शीड सोडलंत? तुम्हांला काही कळतं का हो? हातात आलेलं सोडायचं नाही! जीव गेला तरी सोडायचं नाही!"

"आधीच असं सांगायचंस," धाकू म्हणाला. खरंच त्याला वाईट वाटलं होतं. त्यानं शीड पुन्हा ओढून धरलं आणि होडी मार्गाला लावली.

दुपार कलली. समोरून जान्या नाखवाची इंजिनची होडी आली. जान्या जुना ओळखीचा माणूस. जवळून जाताना त्यानं हात पुढे केला. "काय धाकूशेट, बरं आहे ना?"

धाकूनं शिडाचा दोर दातांत धरला, जान्याचा हात हातात घेतला आणि घट्ट धरला.

"अरे, सोड!"

धाकूनं मान हलवली. नाही.

इंजिन धडधडत होतं, होडी पुढे ओढत होती. धाकूची होडी तिच्याबरोबर निघाली. कुठे? तर जिथून आली तिथे. मघाशी मागे पडलेलं भूशीर पुन्हा समोरून यायला लागलं. जान्या अर्धा होडीत, अर्धा बाहेर. "अरे मेल्या, खांद्यातून हात निखळून येईल!" इंजिन बंद करायला त्याचा दुसरा हात पोचेना. शेवंता ओरडायला लागली. "अहो सोडा! सोडा म्हणते ना! अहो!" इंजिनच्या धडधडीत धाकूला काही ऐकू जाईना. ती ओरडत राहिली, ओरडता ओरडता आवाज चिरकला, मग घोगरा झाला, मग नुसती हवा यायला लागली. शेवटी तिनं नवऱ्याच्या काखेत गुदगुल्या केल्या. धाकू खो खो हसला, शीडही सुटलं आणि जान्याही सुटला.

जान्या जाताना काय काय बोलला ते बारशाच्या गोष्टीत सांगण्यासारखं नाही.

शेवंता बोलायला गेली तर आवाजच नाही. तिनं गळ्याकडे बोट दाखवलं.

"घसा बसला?" धाकूनं काळजीनं विचारलं. "बसू दे. दमला असेल."

शेवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. सूर्य खाली उतरायला लागला होता. तिकडे पाळणा सजला असेल, पुतळा पदर खोचून उभी असेल. ती नवऱ्याच्या कानाशी गेली आणि कुजबुजली, "आता मी सांगेन तेवढंच करायचं. मी बोलेन तेवढंच बोलायचं. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही. पाया पडते तुमच्या."

"एक अक्षर नाही," धाकू म्हणाला. त्यानं बायकोचे डोळे पुसले आणि अशी होडी हाकली, अशी हाकली की काय सांगू! सांगणारं कुणी नव्हतं ना.

किनाऱ्याला लागली तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. धाकूनं होडी एका माडाला बांधली. हरबाचं घर वाळूच्या वरच होतं, पाळण्याची गाणी ऐकू येत होती. पाण्यात उतरताना शेवंताचं लुगडं ओलंचिंब झालं, पायांत घोटाळत होतं. ती कुजबुजली, "तुम्ही धावा पुढे. सांगा, थांबा, नाव आणलंय!"

धाकू धावला. पुतळा पाळण्यावर वाकली होती, तोंड बाळाच्या कानाशी, आता म्हणणार धों...

"थांबा! नाव आणलंय!"

सगळे थांबले. हरबा आनंदानं पुढे आला. "आलात भावोजी? कुठे आहे नाव?"

"ही काय, खाली. माडाला बांधलीय."

"बांधली? अहो, बाळाचं नाव!"

"बाळाची कशी? आमची आहे. बाळाला एवढ्यात वल्ही पेलायची नाहीत."

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पुतळा एकटी हसत नव्हती. तेवढ्यात धापा टाकत शेवंता आली, तडक पाळण्याशी गेली, आणि बाळाच्या कानात कुर्र करून तिनं नाव सांगितलं. घसा बसला म्हणून काय झालं? कानात सांगायला आवाज लागतो कुठे? पुतळा मागे सरली. मान राहिला!

"काय ठेवलं गं? मोठ्यानं सांग!" बायका ओरडल्या.

शेवंतानं गळ्याकडे बोट दाखवलं आणि धाकूला जवळ ओढलं. ती त्याच्या कानात सांगू लागली. आता आत्यानं नाव ठेवलं की बायका काय करतात? आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. रीतच आहे. पुतळानं तर आधीपासून बाह्या सरसावल्या होत्या.

धाकूनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग तो ताठ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बाळाचं नाव रत्नाकर अगं आई गं मेले मेले पुरे!"

धपाटे घालणारे हात वरच्या वर थांबले.

"रत्नाकर... पुढचं काय म्हणालात?" हरबानं विचारलं.

"अगं आई गं मेले मेले पुरे. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही."

आणि मग जो हशा उठला! हरबाची आई हसून हसून खांबाला टेकली. "बरं झालं. कागदावर रत्नाकर, घरात पुरे. असल्या नावाला कुणाची दृष्ट लागायची? का गं पुतळे?"

पुतळानं नाक मुरडलं, पण तिनं पाळण्यातलं पोर पटकन उचललं आणि मांडीवर घेऊन बसली ती बसलीच. शेवंतानं हात पुढे केले तर म्हणाली, "थांब गं, आत्ताच झोपलंय." पोर टकाटका बघत होतं.

पंगत बसली. हरबाच्या आईनं धाकूच्या हातात घुगऱ्यांची परात दिली. "जावईबापू, जो जे बोलेल ते त्याला द्या. हात आखडू नका."

धाकू वाढत निघाला. पहिल्याच म्हाताऱ्याच्या पानात त्यानं घुगऱ्यांचा ढीग केला. म्हातारा दोन्ही हात आडवे करून म्हणाला, "पुरे! पुरे!"

धाकूनं परात खाली ठेवली. पुतळाच्या मांडीवरून पोर उचललं आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं. "हा घ्या."

शेजारच्याला वाढलं. तो म्हणाला, "पुरे!" पोर त्याच्या मांडीवर. त्याच्या शेजारची म्हणाली, "पुरे हो!" पोर तिच्या मांडीवर. अशी रत्नाकराची स्वारी पंगतभर फिरली. पोर खूश होतं. पुतळा मागून "अहो, माझ्याकडे द्या" म्हणत धावत होती, पण 'पुरे' काही तिच्या तोंडून निघत नव्हतं.

शेवटच्या पानावर शेवंता होती. धाकूनं बायकोला प्रेमानं वाढलं. एक मूठ, दोन मुठी, मूठभर आणखी. न्याहारीनंतर दिवसभर उपाशी होती बिचारी. पान भरलं, घुगऱ्या खाली सांडायला लागल्या. शेवंतानं कोपरापासून हात जोडले. तिच्या बसलेल्या घशातून कसाबसा एकच शब्द निघाला.

"पुरे!"

धाकूनं पोर आणून तिच्या मांडीवर ठेवलं. पोरानं आत्याकडे बघितलं आणि तोंडभर हसलं. शेवंता रडलीही आणि हसलीही. नवऱ्यावरचा दिवसभराचा राग तिथेच विरघळून गेला. त्या पोराला मग तिनं छातीशी असं धरलं की काही विचारू नका.

एव्हाना पंगतीला खेळ कळला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत आरोळ्या उठल्या, "पुरे! पुरे! इकडे पुरे!" आता पुतळाही ओरडली, "पुरे!"

धाकू परात घेऊन मधोमध उभा राहिला. त्यानं पंगतीकडे बघितलं, मग बायकोच्या मांडीवरच्या पोराकडे बघितलं. त्याच्या कपाळाला घाम फुटला.

"अहो, पुरे एकच आहे!" तो काकुळतीला येऊन म्हणाला. "तो सगळ्यांना पुरायचा कसा?"