उशीर कुणी केला

फार पूर्वी अश्मक देशावर वीरबाहू राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्वाने गोदावरीकाठच्या पोतन नगरात एका वैद्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सुनेत्र. हाडे बसवण्यात आणि जखमा भरून आणण्यात त्याच्या तोडीचा वैद्य त्या देशात दुसरा नव्हता.

दुपारची जेवणे झाली की सुनेत्र घाटावरच्या विश्रामशाळेत जाऊन बसे. अग्निदत्त नावाचे वृद्ध आचार्य आणि पिंगळ सोनार हे त्याचे दोन मित्र तिथे येत. आणखी चार-दोन माणसे पायऱ्यांवर टेकत आणि बोलणे सुरू होई. जग आहे म्हणजे काय आहे, डोळे मिटल्यावर ते कुठे जाते, माणसाने कसे जगावे. कुणी पाण्यात पाय सोडून बसलेला असे, कुणी आडवा होऊन ऐकत असे. सुनेत्राला या गप्पांची फार गोडी होती. सकाळभर रोग्यांचे कण्हणे ऐकून शिणलेल्या मनाला तिथे गार वाटे. आणि आपण बोलू लागलो की बाकीचे गप्प होतात, हेही त्याला आवडत असे.

एके दिवशी दुःखाचा विषय निघाला होता. अग्निदत्त म्हणत होते की दुःख हा मनाचा खेळ आहे. पिंगळाला ते पटत नव्हते. "भट्टीत बोट भाजलं की मन आठवत नाही, आचार्य, बोटच आठवतं," तो म्हणाला. सगळे हसले.

इतक्यात एक मुलगी धावत घाट उतरून आली. खेमक कुंभाराची ती लेक, रोहिका. तिला आई नव्हती. धापा टाकीत ती म्हणाली, "वैद्यराज, लवकर चला. मातीच्या खाणीत बापूंच्या हातावर दरड कोसळली. रक्त थांबत नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांनी दंडाला दोरी आवळून बांधलीय."

"म्हणजे रक्त थांबलं ना?"

"थांबलं. पण हात काळा पडत चाललाय."

"येतोच मी. एवढं बोलणं संपू दे," सुनेत्र म्हणाला.

मोठ्या माणसांच्या मध्ये बोलायचे नसते, असे रोहिकेला शिकवलेले होते. ती खांबाजवळ उभी राहिली. बोलणे संपले नाही. एकातून दुसरे निघत गेले. तिने दोनदा हाक मारली, दोनदा सुनेत्राने हात वर करून तिला थांबवले. मग त्याला काहीतरी सुचले आणि तो तिच्याकडे वळला.

"मुली, एक सांग. लागलं तुझ्या बापाला, आणि रडतेस तू. मग हे दुःख नेमकं कुठे आहे? त्याच्या हातात, की तुझ्यात?"

रोहिका गोंधळली. "मला नाही येत सांगता. चला ना."

"पाहा, जे आपल्याला सापडत नाही ते हिलाही सापडत नाही!" सुनेत्र म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. पण तो उठला तेव्हा पायऱ्यांवरचे ऊन सरकत पाण्यापर्यंत पोहोचले होते.

कुंभारवाड्यात पोहोचून त्याने खेमकाचा दंड पाहिला. दोरी मांसात रुतली होती. खालचा हात गार होता आणि बोटे कोळशासारखी झाली होती. खेमकाचा जीव वाचवायचा तर हात कोपरापासून काढावा लागणार होता. सुनेत्राने तो काढला. खेमक जगला, आणि कुंभारवाड्यातल्या बायकांनी वैद्याच्या पायांवर डोके ठेवले.

तिसऱ्या दिवशी तो पट्टी बदलायला गेला तेव्हा रोहिका त्याच्या मागोमाग अंगणात आली.

"वैद्यराज, मी आधी तुमच्या घरी गेले होते. तिथून घाटावर आले. सरळ घाटावर आले असते तर बापूंचा हात राहिला असता ना? सगळे म्हणतात, पोरीने उशीर केला."

सुनेत्राने तिच्याकडे पाहिले. तोंडात शब्द आले होते. पण अंगणात शेजारी उभे होते, आणि ते त्याच्याकडे आदराने पाहत होते.

"हं," एवढेच तो म्हणाला आणि निघाला.

घरी आल्यावर त्याला जेवण जाईना. आवळलेल्या दोरीखाली हात किती वेळ जगतो, हे त्या घाटावर एकालाच ठाऊक होते. आचार्यांना ठाऊक नव्हते, सोनाराला नव्हते, मुलीला नव्हते. ते ठाऊक असलेला माणूस वाद जिंकत बसला होता. पाण्याच्या घंगाळात स्वतःचे तोंड दिसले तेव्हा त्याने पाणी ओतून टाकले.

त्याने मित्रांजवळ मन मोकळे केले. अग्निदत्त म्हणाले, "हात गेला म्हणजे खेमक गेला का? हात म्हणजे काही माणूस नव्हे." एरवी हे बोलणे सुनेत्राला आवडले असते. आज ते ऐकताना त्याचे कान तापले. पिंगळ म्हणाला, "ती पोर आपण होऊन दोष घेते आहे, तर घेऊ दे. चार दिवसांनी विसरेल. येत्या पौर्णिमेला महाराज तुला राजवैद्य करणार आहेत. आता तोंड उघडलंस तर सगळं जाईल."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सुनेत्र पुन्हा पट्टी बदलायला गेला. खेमक हळूच म्हणाला, "माझं राहू द्या, पोरीला काही औषध द्या. अन्नाला शिवत नाही. कुणाशी बोलत नाही."

रोहिका मडकी भाजायच्या विझलेल्या आव्याजवळ बसली होती. गालांची हाडे वर आली होती. सुनेत्र तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "रोहिके, तू वेळेवर आली होतीस. तू आलीस तेव्हा हात वाचण्यासारखा होता. उशीर मी केला. गप्पा सोडवेनात म्हणून केला. आणि त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा लोकांच्या भीतीने गप्प बसलो."

रोहिकेने मान वर केली.

"तुम्ही हसला होता," ती म्हणाली.

"हो."

"मी रडत होते आणि तुम्ही मला प्रश्न घातलात. मला उत्तर येईना, तेव्हा मला वाटलं, मी अडाणी म्हणूनच तुम्ही येत नाही."

सुनेत्राची मान खाली गेली. याहून जड काही त्याने आयुष्यात ऐकले नव्हते.

खेमक ओट्यावरून म्हणाला, "दोरी सैल करून रक्ताची शीर बांधायला तुम्हाला किती वेळ लागला असता?"

"तुम्ही एक मडकं घडवता, तेवढा."

"आता जा, वैद्यराज," खेमक म्हणाला.

सुनेत्र तिथून थेट राजवाड्यात गेला. घडलेले सगळे त्याने राजाला सांगितले आणि राजवैद्याचे पद दुसऱ्याला द्यावे अशी विनंती केली. राजाने ते पद दुसऱ्याला दिले. नगरात बातमी पसरली. काही रोगी सुनेत्राकडे यायचे थांबले. सुनेत्राने कुणाला अडवले नाही.

खेमकाची जखम अजून भरायची होती. दुसऱ्या दिवशी तो कुंभारवाड्यात गेला तर दार बंद होते. औषधाचा लेप उंबऱ्यावर ठेवून तो परतला. त्यापुढच्या दिवशीही तसेच झाले. शेजारच्या बायका आता त्याला पाहून तोंड फिरवीत. चौथ्या दिवशी दार उघडले. खेमक चौकटीत उभा होता.

"आत या," तो म्हणाला. "पोरगी कालपासून जेवायला लागलीय."

"आणि तुम्ही?"

"मला राग आहे. तो जाईल की नाही, सांगता येत नाही. पण उन्हात उभे राहू नका."

त्यानंतर सुनेत्र रोज दुपारी तिथे जाऊ लागला. जखम भरली तरी जात राहिला. खेमकाला एका हाताने माती खणून आणून मळता येत नव्हती, म्हणून ती सुनेत्र तुडवून मळू लागला. चाकावर रोहिका बसू लागली. तिची पहिली मडकी वाकडी झाली, आणि बाप डाव्या हाताने त्यांचे काठ सारखे करी. मुलीने चाकावर बसावे का, यावर कुंभारवाड्यात कुजबुज झाली. खेमक म्हणाला, "माझ्या घरात दोन्ही हात शाबूत असलेली तीच एक आहे."

एकदा अग्निदत्त काठी टेकीत तिथे आले. पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभ्या असलेल्या सुनेत्राला पाहून म्हणाले, "तुझ्याशिवाय बोलण्यात रंग भरत नाही. जग खरं की भास, ते अर्धवटच राहिलं."

"ते मला अजून कळलेलं नाही, आचार्य," सुनेत्र म्हणाला. "कुणी हाक मारली तर आधी उठायचं, एवढंच मी ठरवलं आहे."

अग्निदत्तांनी काठी भिंतीला लावली आणि कोरड्या मातीतले खडे वेचू लागले.

सुनेत्र म्हातारा होऊन वारला तोवर त्याने अनेकांचे हात-पाय वाचवले. पण त्या दुपारची लाज त्याच्या मनातून गेली नाही, आणि ती जावी असे त्यालाही कधी वाटले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवन विहारात मेघिल नावाच्या भिक्खूला सांगितली. जीव आणि शरीर एक की दोन, या चर्चेत रंगल्यामुळे मेघिलाने तापाने फणफणलेल्या उसभ भिक्खूला पाणी नेऊन दिले नव्हते. उसभ पाण्याकडे जाता जाता पडला आणि त्याचे डोके फुटले. तेव्हापासून मेघिल आपल्या कुटीतून बाहेर येत नव्हता. शास्ते स्वतः त्याच्या दाराशी गेले, आणि ही कथा सांगून म्हणाले, "मेघिला, उसभ तेव्हा रोहिका होता. घाटावर हसणारी माणसे म्हणजे त्या दिवशी तुझ्याबरोबर चर्चेला बसलेले हे भिक्खू. ज्याने उशीर केला तो सुनेत्र वैद्य मी होतो. आणि राग मनात असूनही ज्याने मला आत घेतले, तो खेमक तू होतास."

मेघिल रडू लागला. शास्ते म्हणाले, "आपल्या चुकीची लाज वाटणे याला ह्री म्हणतात. ती माणसाला दार लावून बसायला सांगत नाही. ऊठ, उसभ जागा आहे."

मेघिल उठला आणि उसभाच्या कुटीकडे चालू लागला.