फुलाबाईची गुळाची तुला

एका गावात एक भोळा माणूस होता. गाव आमचंच, आन माणूस मीच. भोळा हे तोंडावर म्हणत्यात. पाठीमागं काय म्हणत्यात ते लेकरांसमोर सांगत न्हाई.

माझी बायको फुलाबाई. तिनं देवाला नवस बोलला होता, लेक सुखरूप बाळंत झाली तर आपल्या स्वतःच्या वजनाचा गूळ वाहीन. लेक बाळंत झाली. नातू झाला. आता जत्रेला तराजूत बसायचं आलं.

आमच्या देवळात तराजू केवढा, तर एका पारड्यात म्हैस बसंल. गुरव एकेक ढेप मोठ्यानं मोजतो, आन त्याच्या मागं सगळं गाव ओरडतं. गेल्या साली माझी भावजय शेवंता बसली होती. सात ढेपा झाल्या. फुलाबाई वर्षभर त्या सात ढेपांवर हसली. आता तिची पाळी.

"अवो," ती म्हणाली, "माझी सातवी ढेप पडली तर मी तिथनंच म्हायेरी जाईन. परत यायची न्हाई."

ती गेली तर भाकरी कोण करणार? मला तर चूलबी फुंकता येत न्हाई, उलट फुंकतो, राख माझ्याच डोळ्यात.

आमी तिचं वजन उतरवायला तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डाक्टरीण बाईंनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्या पोटाकडं बघितलं, ते जरा जास्त वेळ बघितलं. म्हणाल्या, "पथ्य तुम्हीही करा. बायको भाजी-भाकरी खाणार आणि तुम्ही समोर भजी, असं चालणार नाही. दोघांनी सारखंच खायचं."

मी मान हलवली. सारखंच खायचं. यात काय अवघड.

पुढं संक्रांत आली. शेवंताकडं हळदीकुंकू. फुलाबाई गेली, तिनं तिळाचा एक लाडू तोंडात टाकलेला मी खिडकीतनं बघितला. मी तडक आत गेलो आन बायकांच्या रांगेत मांडी घालून बसलो.

"भाऊजी, तुमी हितं कुठं?" शेवंता म्हणाली.

"लाडू खायला. हिनं खाल्ला. दोघांनी सारखंच खायचं असतंय."

शेवंता मोठ्या मनाची. तिनं लाडू दिला, कुंकू लावलं, वाणबी दिलं. वाण काय, तर कंगवा. माझ्या डोक्यावर तवा उपडा घातल्यागत टक्कल. मी कंगवा खिशाला लावून गावभर हिंडलो.

म्हैना गेला. दोघांनी तेच खाल्लं, तेवढंच खाल्लं. माझी विजार नाडी आवळली तरी खाली यायला लागली. फुलाबाईचं पोलकं जिथल्या तिथं.

"चोरून काय करताय?" ती म्हणाली.

"काय न्हाई. कट्ट्यावर बसतोय."

"मी पाणी भरते, शेण काढते, दळते, कांडते. तुमी बसताय. आन वाळताय तुमी."

तिला रडू आलं. मग परत दवाखान्यात. डाक्टरीण बाई म्हणाल्या, "असंच असतं. पुरुषाच्या अंगात मांस जास्त, ते बसल्या जागी जळण मागतं. त्याची चरबी पोटावर, ती लवकर उतरते. बाईचं शरीर कमरे-मांडीवरचं राखून ठेवतं, ते सावकाश जातं. दोघांना एकाच मापानं मोजू नका. बायकोला डाळ, अंडं जास्त द्या, रोज चालायला न्या, आणि धीर धरा."

मला एवढं कळलं, बाप्याला वेगळं माप, बाईला वेगळं. बाई राखून ठेवती.

घरी आलो तर गोठ्यात दोन जनावरं. एक खोंड, एक म्हैस. मी खोंडाला घमेलंभर पेंड घातली. म्हशीला मूठभर. म्हटलं, तू राखून ठेवलेलं खा आधी.

चार दिवसांत म्हैस आटली. धार काढायला बसलो तर तिनं लाथ घातली, मी शेणात. लाथंला मात्र तिनं काय राखून ठेवलं न्हाई.

फुलाबाईनं कपाळाला हात लावला. "अवो, जी राबती, दूध देती, तिला पोटभर घालायचं. जो नुसता बसतोय त्याला कमी."

हेबी ध्यानात ठेवलं. 

जत्रा तोंडावर आली तसा माझा सासरा आला. म्हातारा दहा कोस एसटीत उभा राहून आलेला, बाजेवर टेकला. फुलाबाई पाण्याला गेलेली, म्हणून मी वाढलं. ताटात चतकोर भाकरी ठेवली.

"जावई, भाकरी संपली व्हय?" मामांनी विचारलं.

"न्हाई मामा, टोपली भरली हाय. पर तुमी नुसतं बसलाय."

मामा उठले आन उभ्यानं जेवले. फुलाबाई आली, बघितलं, घागर तशीच खाली ठेवली.

"पाव्हण्याला असं करत्यात? पाव्हणा बास म्हणला, नको म्हणला, ताटावर हात आडवा धरला, तरी वाढायचं. लाजत असतंय माणूस. त्यात त्याचा मान असतोय."

बरं म्हटलं. कुणी तरी आधी सांगायचं न्हाई का.

जत्रा आली. फुलाबाईनं डाळ खाल्ली होती, रोज ओढ्यापर्यंत चालली होती, आन सावकाश का हुईना, उतरली होती. हिरवं लुगडं नेसून पारड्यात बसली. गळ्यात हार. समोर सगळं गाव उभं, शेवंता पुढंच. ढेपा नवऱ्याच्या हातानं ठेवायच्या, ही रीत. मी ठेवल्या. गुरव मोजत गेला, गाव ओरडत गेलं. सहाव्या ढेपेला काटा सरळ उभा राहिला. फुलाबाईच्या तोंडावर असं हसू आलं, लग्नातबी तसं आलं न्हवतं.

"बास," ती म्हणाली.

मी थांबलो. बघितलं. हार घातलेली, आसनावर बसवलेली, सगळं गाव तिच्यासाठी उभं. हिच्यापेक्षा मोठा पाव्हणा कोण? मी सातवी ठेवली.

"सात," गाव ओरडलं. पारडं भुईला टेकलं, फुलाबाई वर गेली.

"अवो, नको," ती वरनं म्हणाली, आन हात आडवा धरला.

हात आडवा धरला म्हणजे लाजतीया. मी आठवी ठेवली.

"आठ."

शेवंता पदरात तोंड घालून हसायला लागली. फुलाबाई वर लोंबकळत, पाय हलवत, दातओठ खात म्हणाली, "आता तुमीच बसा की त्याच्यावर."

बायकोचं ऐकावं माणसानं. मी ढेपांवर चढून बसलो.

गुरव गडबडला. मोजणं मोडायचं नसतं. त्यानं घसा खाकरला आन म्हणाला, "आठ ढेपा आन एक नवरा."

सगळं गाव ओरडलं, "आठ ढेपा आन एक नवरा."

मामांनी लेकीला हाताला धरून खाली उतरवलं. मीबी उतरायला गेलो. फुलाबाईनं मला हातानंच थांबवलं आन गुरवाला विचारलं, "पारड्यात पडलेलं घरी न्हेत्यात का?"

"न्हाई बाई. ते देवाचं."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आन बापाला घेऊन घरी जेवायला गेली.

तवापास्नं मी हितं देवळातच झाडलोट करतो. परसादाचा गूळ खातो. विजार परत घट्ट बसाय लागलीया.