घाटमाथ्यावर उतरलेले वस्ताद

"मग वस्ताद, आता मोडेल का?"

असं विचारून सयाजीने ट्रकच्या मागच्या चाकावर थाप मारली आणि तो हात पुसत उभा राहिला.

दस्तगीर वस्ताद ट्रकखाली उताणे पडून वर बघत होते. सत्तरी कधीच उलटली होती. भिंगारच्या बाजूला ट्रकांची कामं करणारे जेवढे म्हणून हात होते, त्यांतले निम्मे वस्तादांनी घडवलेले. सयाजी त्यांच्यात सगळ्यांत हुशार. हे वस्तादांना ठाऊक होतं. सयाजीला तर जरा जास्तच.

ट्रक लष्कराच्या लिलावातला. तो घेऊन सयाजीने घाटापलीकडच्या बंधाऱ्याला दगड पुरवायचं काम धरलं होतं. गेल्या साली तो भरली गाडी घेऊन घाट उतरत असताना मागचा ॲक्सल मोडला. चाक निखळून दरीत गेलं आणि ट्रक फरफटत कठड्याला जाऊन अडला. दगडांवर त्याचा हमाल रंगनाथ बसला होता. त्याने जिवाच्या भीतीने उडी टाकली… आणि एक पाय कायमचा गमावला.

तेव्हापासून सयाजीने दुसरा विचारच केला नाही. मोठ्या गाडीचे दणकट ॲक्सल, पुढचा आणि मागचा, कुठून कुठून हिंडून मिळवले. स्प्रिंगचे पाटे वाढवले, ब्रेक मोठे घातले, चासीला जागोजागी नवा आधार दिला. ऐन दिवाळीत बायको फराळाचा डबा घेऊन शेडवर आली, तर हा ट्रकखालूनच म्हणाला, "ठेव तिथं."

वस्ताद सरपटत बाहेर आले. पाठीची माती झटकली.

"काम झकास केलंस. माझ्या हातून एवढं साफ झालं नसतं."

सयाजीचा चेहरा उजळला. "म्हणजे मोडायचा नाही ना?"

"ॲक्सल? नाही मोडायचा."

वस्ताद हौद्याकडे बघत राहिले. दगड फळ्यांच्याही वर आला होता.

"रंगनाथ पडला, त्या दिवशी दगड किती भरला होतास रे?"

"ॲक्सलच कुचका होता वस्ताद. किती वर्षं लष्करात झिजलेला माल तो."

"मी दगड विचारला."

सयाजी पुन्हा हात पुसू लागला.

"आणि आज?"

"आज त्याहून जास्त भरलाय. मुद्दाम. तुमच्यादेखत घाट ओलांडतो. मग बघू कुणाचं तोंड उघडतंय ते."

वस्ताद केबिनमध्ये चढून बसले.

गाडी घाटाला लागली. काय चढली म्हणता! ना कुरकुर, ना थरथर. वळणामागून वळण मागे पडत गेलं. सयाजी मधूनच वस्तादांकडे बघे. वस्ताद खिडकीतून बाहेर करवंदीच्या जाळ्या बघत होते.

माथा आला. पुढे उतार.

"थांबव," वस्ताद म्हणाले.

सयाजीने गाडी बाजूला घेतली. वस्ताद जपून खाली उतरले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मी चालत येतो."

"चालत? का?" सयाजीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "माझ्या कामावर भरवसा नाही?"

"आहे की. मघाशी सांगितलं ना."

"ॲक्सलवर नाही?"

"ॲक्सलवर तर पुरता आहे."

"मग…?"

वस्ताद केव्हाच चालू लागले होते.

सयाजीच्या कानशिलांत रक्त चढलं. भर उन्हात म्हातारा माणूस पायी निघाला, आणि तोही त्याची गाडी सोडून! त्याने गिअर टाकला आणि धुरळा उडवत वस्तादांना मागे टाकलं. वस्ताद कडेला सरले. वर बघितलंही नाही त्यांनी.

पहिल्याच वळणाला गाडी पाठीमागून लोटू लागली.

चढताना हे ओझं मुकाट मागून आलं होतं. आता ते सयाजीच्या पाठीवर बसलं. ॲक्सल खंबीर होते, ब्रेकही धरत होते, पण ब्रेकवरचा पाय उचलायची सोय नव्हती. तापलेल्या ब्रेकचा वास केबिनमध्ये आला. पुढे तोच कठडा दिसला, अजून ढासळलेलाच. गेल्या साली हा वास असाच आला होता. चाक निखळायच्या आधी. कितीतरी आधी.

सयाजीने दात आवळून गाडी डोंगराच्या अंगाला घासून उभी केली. खाली उतरला, चाकांना दगड लावले. तो मडगार्डला टेकून तसाच उभा राहिला.

मागून वस्ताद आले. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं… आणि सावकाश पुढे निघून गेले.

सयाजीने मागची फळी पाडली. हौद्यात चढला आणि एकेक दगड उचलून कडेच्या चरात टाकू लागला. हाताची सालटी निघाली. पाठ भरून आली. कुणी मदतीला नव्हतं आणि त्याने कुणाची वाटही पाहिली नाही. उन्हं कलली तेव्हा हौद्यातला माल फळ्यांच्या पार खाली गेला होता.

मग त्याने ब्रेक निवलेत याची खात्री केली, चाकांचे दगड काढले आणि पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, तो घाट उतरू लागला.

पायथ्याच्या पाणपोईशी वस्ताद पाय लांब करून बसले होते. ट्रक शेजारी येऊन थांबला. सयाजीचा शर्ट घामाने चिंब झाला होता. वस्तादांच्या नजरेला नजर न देता तो म्हणाला,

"संध्याकाळी रंगनाथकडे जाईन म्हणतो. वर्षभर त्याच्या दारापुढून गेलो नाही."

वस्तादांनी पाण्याचा गडू त्याच्या हातात दिला. तो घटाघटा प्याला.

मग वस्ताद गुडघ्यांवर हात रोवून उठले, केबिनचं दार उघडलं आणि वर चढून बसले.

सयाजी बघतच राहिला. "आणि मघाशी हो, वस्ताद? मघाशी का उतरलात?"

वस्तादांनी चपला काढल्या आणि तळवे चोळू लागले.

"मघाशी माझे पाय कुठं दुखत होते?"