एकही तडा नाही

त्या राज्यात अंडी सगळेच घालत, उबवत मात्र फक्त कोंबड्या. पोपट असो, पारवा असो, नाहीतर तळ्यावरचं बदक असो, प्रत्येकाने आपलं अंडं मोठ्या खुराड्यात आणून द्यायचं आणि आपल्या उद्योगाला लागायचं, अशी तिथली रीत होती. कोंबड्या गवतात बसून राहत. पंखाखाली कुणाचं अंडं आहे हे त्या विचारत नसत. पिल्लू निघे, चार दाणे टिपायला शिके, पंखांत बळ आलं की निघून जाई. कोंबडी पुन्हा नव्या अंड्यावर बसे.

एकदा एका कोंबडीचा पाय लागून पारव्याचं अंडं फुटलं. पारव्याने दरबारात जाऊन आकाशपाताळ एक केलं. त्याचं चुकलं असंही नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दरबाराने ठरवलं, की यापुढे कोंबड्यांच्या कामाची दर हंगामाला पाहणी व्हावी. पाहणीसाठी बगळा नेमला गेला. तो तासन्‌तास एका पायावर न हलता उभा राही, त्यामुळे विचारी दिसे. बाकी त्याचा आणि गवताचा कधी संबंध आला नव्हता. नियम सोपा होता: घरट्यात अंडं अखंड असेल तर गुण मिळेल, फुटलेलं असेल तर गुण जाईल. ऐकायला चोखच होता. भरल्या दरबारात एकालाही तो खटकला नाही, याला काय म्हणावं!

भुरकी ही खुराड्यातली सगळ्यांत जुनी कोंबडी. पहिल्या पाहणीला बगळा तिच्याच घरट्यापाशी आला, तेव्हा ती खुशीत होती. त्या हंगामात तिचं एकही अंडं वाया गेलं नव्हतं.

"अंडी दाखवा," बगळा म्हणाला.

"अंडी कुठली आता, साहेब? सगळी निघाली की! तो बघा कुंपणावर राघू बसलाय ना, तो माझाच. ती बदकाची धाकटी, तीही माझीच."

"कुंपण माझ्या पाहणीत येत नाही. घरट्यात काय आहे?"

घरट्यात टरफलं होती. बगळ्याने ती चोचीने उलटीपालटी केली. "सगळी फुटलेली," तो म्हणाला. भुरकी खो खो हसली. तिला वाटलं, साहेब थट्टेखोर दिसतात. साहेब हसले नाहीत.

शेजारी टिपकी बसायची. नवखी पोर, पहिलाच हंगाम. कोल्ह्याच्या भीतीने ती गारठ्याच्या दिवसांत घरटं सोडून पळाली होती, आणि परत आली तोवर अंडी थंडगार पडली होती. ती कोपऱ्यात तोंड लपवून रडत होती. बगळ्याने तिची अंडी पाहिली. एकही तडा नाही! त्याने तिच्या गळ्यात लाल फुलांची माळ घातली. टिपकी रडायची थांबली आणि आ वासून त्याच्याकडे बघत राहिली.

राज्य निर्दय नव्हतं बरं का. मागे पडलेल्यांना हात द्यायला हवा, हे दरबारालाही कळत होतं. म्हणून चिंचेखाली वर्ग भरू लागले. शिकवायला कोकिळाबाई आल्या. त्यांनी उभ्या जन्मात अंड्यावर बूड टेकलं नव्हतं, पण गळा असा गोड, की ऐकणारीने मान डोलवावी. ऐन उबवणीच्या दिवसांत कोंबड्यांना उठवून तिथे बसवलं जाई. ऊब म्हणजे काय, यावर कोकिळाबाई दिवसभर गात. जिथे तडा दिसेल तिथे ओला चुना कसा लिंपायचा, तेही त्यांनीच शिकवलं. कोंबड्या परतत, तोवर अंडी गार झालेली असत. आणि गार अंडी कधी फुटत नाहीत. पुढच्या पाहणीत सगळ्यांचे गुण वाढले. प्रशिक्षण लागू पडलं म्हणून दरबारात पेढे वाटले! सांगतानासुद्धा अंगावर काटा येतो.

आईबापांना चकचकीत, गुळगुळीत अंडी परत मिळू लागली. त्यांनी ती कौतुकाने ढोलीत मांडून ठेवली. आभाळ जरा मोकळं वाटू लागलं, पण मोकळ्या आभाळाची तक्रार कोण करतं?

भुरकी तेवढी सुधारेना. बाकीच्या वर्गात असताना ती हळूच घरट्यावर परते, आणि तिची अंडी फुटतच राहिली. शेवटी बगळ्याने बजावलं, की आणखी एक तडा दिसला तर घरटं जाईल आणि तिला कुंपणाबाहेर काढलं जाईल. कुंपणाबाहेर मुंगूस होतं. आता तिच्याकडे अंडं द्यायलाही कुणी धजेना. एका पारवीने तेवढं घाईघाईत ठेवलं होतं. पाय मुरगळल्याचं सोंग करून भुरकी त्या हंगामात वर्गाला गेलीच नाही. तहानभूक मारून ती त्या एका अंड्यावर बसून राहिली.

पाहणीच्या सकाळी आतून टकटक सुरू झाली. टरफलावर केसाएवढी रेघ उमटली. टिपकी चोचीत चुना घेऊन धावत आली. ती आता खुराड्यातली पहिल्या नंबरची कोंबडी होती; गळ्यात माळाच माळा.

"मावशी, लिंप गं लवकर! साहेब दाराशी आलेत. थांब, मीच लिंपते."

"हात लावू नकोस! आत जीव आहे."

"आत? अंड्याच्या आत?" पहिल्या हंगामातलं रडू ती कधीच विसरली होती; ती खरोखरच गोंधळली. "काहीतरीच काय बोलतेस!"

"अगं बाई, मग तू कुठून आलीस?"

तेवढ्यात टरफल दुभंगलं. ओलं, उघडंबोडकं पिल्लू गवतात लवंडलं आणि चिवचिवलं. तो आवाज ऐकून खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या दचकून भिंतीला चिकटल्या. कितीतरी जणींनी तो उबवायला बसल्यापासून ऐकलाच नव्हता.

"हे काय झालं?" बगळा म्हणाला. पण आवाजात राग नव्हता. पाहणीचे नियम याच हंगामापासून पुष्कळ मवाळ झाले होते, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायला मदत करावी असं त्यात सांगितलं होतं. त्याने टिपकीला चुना ओला ठेवायला सांगितलं. भुरकी त्याच्या अंगावर झेपावली, तेव्हा दोघीतिघींनी तिला मायेने धरून ठेवलं. "होईल गं ठीक," त्या तिच्या पाठीवरून पंख फिरवत म्हणाल्या, "आम्हालाही आधी जमत नव्हतं."

बगळ्याने टरफलाचे दोन तुकडे जवळ ओढले, पिल्लाला चोचीत अलगद धरलं आणि तो त्याला आत बसवू लागला. पिल्लाचा एक पाय काही केल्या आत मावेना.