निम्म्या भातातली खाडी

लढाईचे दिवस होते. कासवबेटावर भात पिकत नसे. तांदूळ यायचा तो खाडीपलीकडून. एके दिवशी रेशनचे साहेब पोशा नाखव्याच्या होडीतून बेटावर उतरले आणि शिधा आजपासून निम्मा, असं सांगून मोकळे झाले.

पोशा म्हणाला, "साहेब, निम्म्या तांदळात वल्ही मारायला ताकद कुठली?"

"अडाणीच तुम्ही! घास बत्तीस वेळा चावा. निम्म्या भातातही तेवढीच ताकद येते."

धक्क्यावर जमलेल्या बायकांनी कपाळाला हात लावला. पोशा नुसता "बरं" म्हणाला. साहेबांना त्याने पोटभर भात-कालवण वाढलं, वल्हेकऱ्यांना निम्माच भात दिला आणि होडी परत सोडली.

खाडीच्या मध्यावर वल्ही थांबली. ओहोटी लागली होती. होडी समुद्राकडे ओढली जाऊ लागली.

साहेब ओरडले, "अरे, थांबलात का?"

"निम्म्या भातात निम्मी खाडी झाली, साहेब. उरलेली आता तुम्ही चावून पार करा."

साहेबांनी हात जोडले. "पुरा शिधा देतो, बाबा!"

"ऐकलंत ना रे?" पोशाने वल्हेकऱ्यांना विचारलं. तेव्हा कुठे वल्ही पाण्यात पडली.

बेटावर परतताना होडीत पुरा तांदूळ होता.