राजाला उभं ठेवणारी खुर्ची

एकदा काय झालं, एका राजानं जंगल बंद केलं. शिकारीसाठी हवं होतं त्याला. मग बुरूडआळीत बांबू येईना. बांबू नाही तर सूप नाही, टोपली नाही, आणि चूलही नाही.

तिथं भिवरा बुरडीण राहायची. फटकळ बाई, बरं का, पण हातात कसब मोठं. ती तडक दरबारात गेली आणि तिनं जंगल परत मागितलं. वैशाखाचे दिवस. राजा मखमली गादीवर निथळत होता, अंगभर घामोळं. तो चिडून म्हणाला, उकडणार नाही असं आसन तीन दिवसांत विणून दे. दिलंस तर जंगल उघडतो, नाही तर आळी रिकामी करा.

पहिल्या दिवशी भिवरानं घरातल्या उरल्यासुरल्या बांबूचं आसन विणलं. राजाला कामट्या टोचल्या. दुसऱ्या दिवशी शिंदीच्या पानांचं विणलं. ते राजासकट खाली गेलं. हसू नका, आता एकच दिवस उरला होता.

मग तिसऱ्या दिवशी सकाळीच ती ओढ्याकाठी रडत बसली. शेजारी वेत उगवला होता. काट्यांमुळे त्याला कुणी हात लावत नसे. तो वेत बोलायला लागला. म्हणाला, माझे काटे सोल, मला पाण्यात भिजव आणि ओला असतानाच विण. पण वाळेपर्यंत कुणाला बसू देऊ नकोस.

मग तिनं लाकडी खुर्चीच्या चौकटीला भोकं पाडली. त्यांतून वेत उभा, आडवा, तिरपा ओवला. दुपारी खुर्ची दरबारात आली. राजा लगेच बसायला निघाला. भिवरा आडवी आली.

"महाराज, बसू नका. वेत वाळेपर्यंत उभे राहा."

राजाला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. पण गादीवर परत बसवेना. मग राजा उभा, म्हणून प्रधान उभा, सगळा दरबार उभा. उन्हं कलली. वेत वाळला तसा आपोआप आवळत गेला. भिवरानं टिचकी मारली, टण्ण वाजलं. मग राजा बसला. खालून वारा लागला. त्यानं ऐसपैस पाय पसरले.

मग म्हणाला, "जंगल उघडा."

निघताना भिवरानं बजावलं, बसून बसून वेत सैल पडतो. वर्षातून एकदा पाणी मारून वाळवायचा, आणि तोवर तुम्ही उभं राहायचं.

तेव्हापासून आळीतले लोक आपली गाऱ्हाणी नेमकी त्याच दिवशी न्यायचे. पाय दुखायला लागले की राजा वाद घालत नसे, हो म्हणून मोकळा व्हायचा. आळीतल्या चुली पेटत्या राहिल्या, राजाचं घामोळं गेलं. नमू, पाय पांघरुणात घे. झोपा आता.